वृद्धाश्रमात प्रत्येकाला आपापल्या वेळेने झोपू आणि उठू द्यायचं असेल तर

अनेक वृद्धाश्रमांत दिवस पहाटे साडेचार-पाचला उजाडतो. ट्यूबलाइट लागतात, बादल्या वाजतात, "चला आजी, उठा, पाणी गरम आहे" अशी हाक येते. एवढ्या लवकर का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच असते. काहींना खरंच पहाटे जाग येते. पण जे गाढ झोपलेत त्यांनाही उठवलं जातं, त्यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात: गरम पाणी संपायची भीती, एकदाच होणारा चहा आणि रात्रपाळीची सुटायची वेळ. त्यामुळे सेविकांना "जरा मायेनं वागा" असं सांगून काही बदलत नाही. पाणी, चहा आणि पाळी यांची मांडणी बदलली की मायेला वाव मिळतो.

खाली दिलेली पद्धत २५ ते ४० माणसांच्या, रात्री दोन कर्मचारी असलेल्या आश्रमासाठी आहे. लहान ठिकाणी ती आणखी सोपी जाते.

आधी आठवडाभर फक्त लिहून ठेवा

काहीही बदलण्याआधी सात रात्रींची नोंद करा. रात्रपाळीला एक वही द्या आणि प्रत्येक नावापुढे चारच गोष्टी लिहायला सांगा: डोळा कधी लागला, रात्री किती वेळा उठणं झालं आणि कशासाठी, सकाळी जाग आपसूक आली की उठवलं, आणि उठवलं असेल तर कोणत्या कामासाठी. नोंदीसाठी कुणालाही हलवून पाहू नका; नेहमीच्या फेरीत दारातून दिसेल तेवढंच लिहा.

या वहीत दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, उठवण्यामागे "आंघोळ" आणि "डायपर" ही दोनच कारणं बहुतांश जागा व्यापतात. दुसरी जास्त महत्त्वाची. संध्याकाळी साडेसहाला जेवण आणि आठला दिवे बंद असतील, तर तीनला जागा होणारा माणूस सात तास झोपलेला असतो. ६५ वर्षांपुढच्या माणसाला साधारण सात ते आठ तास झोप पुरते. म्हणजे त्याला निद्रानाश नाही. त्याला फार लवकर झोपवलं गेलं आहे. अशा माणसाला झोपेची गोळी सुरू करणं हा उपाय नव्हे. जेवण साडेसातला आणि अंथरूण दहाला केलं की बऱ्याच "निद्रानाशांचा" प्रश्न तिथेच सुटतो.

वयाबरोबर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते, हे खरंच आहे. झोप हलकी होते, मध्ये मध्ये मोडते. पण हे सगळ्यांत सारखं होत नाही. आयुष्यभर गिरणीत तिसरी पाळी केलेले, रात्रीच्या एसटी चालवलेले, हॉस्पिटलात नाइट ड्युटी केलेले लोक ऐंशीव्या वर्षीही रात्री बारापर्यंत टक्क जागे असू शकतात.

विचारायचं कसं

दाखल होण्याच्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, "तुमच्या नियमाप्रमाणे, मला काय, काहीही चालेल." हे उत्तर कार्डावर लिहू नका. माणूस नव्या जागी बिचकलेला असतो, जागा मिळाली हेच खूप वाटत असतं. त्या दिवशी फक्त दिवा, पंखा आणि उशी एवढंच विचारा. बाकीचं आठ-दहा दिवसांनी, दुपारी, मुलं-सुना समोर नसताना, बसून विचारा. उभ्याने, हातात फाईल घेऊन विचारलं की पुन्हा "काहीही चालेल" येतं.

प्रश्न साधे ठेवा. घरी रात्रीची शेवटची गोष्ट कोणती करायचात: दूध, पान, बातम्या, जप, रेडिओ? अंथरुणावर पडल्यावर लगेच झोप लागते का? रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं? कुणी उठवलं नाही तर किती वाजता उठाल? उठल्यावर आधी काय लागतं: चहा, तोंड धुणं, की थोडा वेळ नुसतं पडून राहणं? आंघोळ सकाळीच हवी का? आंघोळीआधी काही खात नाही असं आहे का? दुपारी पडता का, किती वेळ? अंधार लागतो की मिणमिणता उजेड? पंखा किती, अंगावर चादर की गोधडी?

बायकांच्या बाबतीत एक प्रश्न आवर्जून जोडा. "आई पहाटे साडेचारला उठायची" असं मुलगा खात्रीने सांगतो. खरंही असतं. पण ती उठायची ते नळाला साडेचारला पाणी यायचं म्हणून, नाहीतर डबे करायचे म्हणून. तेव्हा थेट विचारा: "तुम्हाला लवकर उठायला आवडायचं, की उठावंच लागायचं?" कित्येक आज्यांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच विचारला जातो, आणि "सातपर्यंत पडू द्याल का?" असा उलटा प्रश्न येतो. तिथे मुलाच्या माहितीपेक्षा आईचं उत्तर मोठं धरा.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाकडून शब्दांत उत्तर मिळेलच असं नाही. त्याचं उत्तर त्याच्या वागण्यात असतं. पाचला आंघोळीला नेताना जो ओरडतो, हात झटकतो, बोचकारतो, तोच दहाला नेल्यावर शांत बसतो का, हे सलग पाच-सहा दिवस पाहा. जुना व्यवसाय आणि घरची दिनचर्या नातेवाइकांकडून घ्या, पण वेळ ठरवा ती वहीतल्या सात रात्रींवरून.

श्रद्धेच्या वेळा वेगळ्या नोंदवा, कारण त्या वेळी आपल्याला हाक मारावी अशी त्या माणसाचीच इच्छा असते. कुणाला कार्तिकात काकडआरतीला उठायचं असतं, कुणाला फजरच्या नमाजाला, कुणाला रमजानात सहरीला, कुणाला रविवारच्या मिस्साला. दिवाळीत अभ्यंगस्नानाला कोण पहाटे उठणार हे आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला विचारा. सगळे उठतील असं धरू नका, आणि एरवी उशिरा उठणाऱ्यांना वगळूही नका. वर्षातल्या त्या एका पहाटेसाठी ते हौसेने उठतात.

कार्ड कसं असावं

एका पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. खाटेच्या डोक्याशी लावू नका. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं कुणालाच वाटत नाही. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि एक प्रत रात्रपाळीच्या वहीत ठेवा. मजकूर असा:

"खोली ४, खिडकीकडची खाट. हाक: 'बाई' (शिक्षिका होत्या, 'आजी' म्हटलेलं आवडत नाही). झोप: साडेदहानंतर, आधी अर्धा तास वाचन. दिवा स्वतः बंद करतात. रात्री दोनदा लघवीला, काठी घेऊन एकट्या जातात. चपला खाटेच्या उजवीकडे ठेवाव्यात. सकाळी सातच्या आत हाक नको. उठल्यावर कोमट पाणी, मग चहा, साखर अर्धा चमचा. आंघोळ नाश्त्यानंतर. दुपारी पाऊण तास पडतात. रात्री उठवायचं असल्यास: फक्त ताप, धाप किंवा घरून तातडीचा फोन."

शेवटची ओळ सर्वांत उपयोगी पडते. नव्या कर्मचाऱ्याला "उठवू का नको" हा प्रश्न पडत नाही.

गरम पाण्याचा हिशेब

उशिरा उठणाऱ्याला थंड पाणी मिळतं ही तक्रार खरी असते, म्हणून आधी हिशेब करा. २० लिटरची बादली, आंघोळीचं पाणी सुमारे ४० अंश, टाकीतलं गरम पाणी ६० अंश. नळाचं पाणी २५ अंश असेल तर एका बादलीला साडेआठ लिटरच्या आसपास गरम पाणी लागतं. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर गेलं की साडेदहा लिटर लागतं. ३० माणसांना, रोज सगळ्यांनी आंघोळ केली तरी, थंडीत सव्वातीनशे लिटर कडक पाणी पुरतं. तुमची सोलरची टाकी ५०० लिटरची असूनही सहाला पाणी संपत असेल, तर कुठेतरी नळ वाहतो आहे, भांडी-कपड्यांना तेच पाणी जातं आहे, किंवा पाणी गरम येईपर्यंत बादल्याच्या बादल्या ओतून दिल्या जात आहेत. लांबच्या खोल्यांच्या पाइपावर उष्णता धरणारं आवरण घातलं तर ही नासाडी बरीच कमी होते.

सोलरचं पाणी पहाटेच गरम असतं हा समज चुकीचा आहे. टाकी उष्णतारोधक असते. पाणी तसंच राहिलं तर दहालाही गरमच असतं. ते थंड होतं कारण वरून गरम पाणी काढलं की खालून तेवढंच गार पाणी आत शिरतं. उलट सोलरसाठी सर्वांत चांगली वेळ दुपारी तीन ते पाच. त्या वेळी ऊन तापवून गेलेलं असतं, हवेत गारवा नसतो, कर्मचारी तुलनेने मोकळे असतात. ज्यांना सकाळच्या आंघोळीचा आग्रह नाही अशांना दुपारची आंघोळ देऊन पाहा. सांधे आखडलेल्यांना ती फार मानवते, कारण सकाळचा ताठरपणा तोवर गेलेला असतो.

गीझर असेल तर: २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे ३५ मिनिटं घेतो आणि त्यात थंडीत जेमतेम अडीच बादल्या निघतात. म्हणजे पाच ते सात या वेळात एका गीझरवर दहाच्या वर आंघोळी होणं कठीण. त्याच आंघोळी पाच ते अकरा अशा पसरल्या तर तोच गीझर सहज पुरतो. पसरलेली वेळ आजी-आजोबांच्याच नव्हे, गीझरच्याही सोयीची आहे. पाणी अंगावर घेण्याआधी कोपर बुडवून पाहा. म्हाताऱ्या कातडीला भाजायला वेळ लागत नाही, आणि मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना तर चटका कळतही नाही.

चहा आणि नाश्ता

पहाटे उठणाऱ्यांसाठी पाचला चहा हवा, आणि साडेसातला उठणाऱ्यालाही ताजाच हवा. दुधाचा चहा थर्मासमध्ये तासाभरात चव सोडतो, दोन-तीन तासांत नासूही शकतो. म्हणून कोरा चहा थर्मासमध्ये आणि दूध वेगळं, फ्रिजमधून काढून तेवढंच गरम केलेलं, असं ठेवा. पाचच्या चहासाठी आदल्या रात्रीचं दूध राखून ठेवावं लागतं, हे स्वयंपाकघराला सांगून ठेवा. चहाबरोबर दोन बिस्किटं किंवा खारी. रात्री साडेसातला जेवलेल्या माणसाच्या पोटात तोवर साडेनऊ तास काही गेलेलं नसतं.

नाश्ता एका ठोक्याला न ठेवता साडेसात ते साडेनऊ असा दोन तासांचा ठेवा. यात फसतात ते पोहे आणि उपमा. झाकून ठेवले की कोरडे पडतात आणि दात नसलेल्यांच्या घशाला अडकतात. रवा भाजून तयार ठेवावा आणि दुसऱ्या फेरीचा उपमा नऊला टाकावा. इडलीचं पीठ, थालीपिठाचा गोळा, नाचणीची पेज हे पदार्थ दोन फेऱ्यांना चांगले जमतात. शिजवलेलं ताट दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका.

पाळीची गणितं

खरी गाठ इथे आहे. रात्रपाळी आठ ते आठ, आणि सकाळी येणारी पाळी विचारते, "किती आंघोळी झाल्या?" कमी झाल्या असतील तर रात्रीच्या मावशी कामचुकार ठरतात. मग त्या चारपासून सुरुवात करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून जे मोजलं जातं तेच त्या करतात.

समजा १२ माणसं पूर्णपणे मदतीवर अवलंबून आहेत आणि प्रत्येकाला २० मिनिटं लागतात. एकूण चार तास, दोघींमध्ये दोन तास. वहीत पाहिलं की यातले पाच जण सहाच्या आत आपसूक जागे होतात. या पाचांचं सगळं रात्रपाळीने सहा ते सात करावं. दोघींना पन्नास मिनिटं लागतात. उरलेल्या सातांचं दिवसपाळीने आठ ते साडेनऊ करावं. दोघांना सत्तर मिनिटं. एक माणूस जादा घेता आला तर तो रात्री नको, सकाळी सात ते अकरा असा चार तासांचा घ्या. तेवढ्याने सगळ्यांची सकाळ मोकळी होते.

आणि पाळी सुपूर्द करतानाचा प्रश्न बदला. "किती आंघोळी झाल्या" या जागी तीन प्रश्न: कोण कसं झोपलं, कोण रात्री उठलं आणि का, कोण अजून झोपलेलं आहे. "अजून झोपलेत" हे उशिरा राहिलेलं काम म्हणून लिहायचं नाही. विश्वस्त किंवा पर्यवेक्षक आठला फेरी मारून खाटा नीट लावल्यात का हे पाहत असतील तर त्यांनी ती फेरी अकराला न्यावी. हे त्यांना स्पष्ट सांगावं लागतं, कारण ते दिसले की कर्मचारी पुन्हा चारला उठवायला लागतात.

गोळ्या आणि तपासण्या

उपाशीपोटीची शुगर पाचलाच घ्यावी लागत नाही; आठ तास पोट रिकामं असलं की पुरे, म्हणजे माणूस उठेल तेव्हा घ्या. बीपीही तसंच. गोळ्यांचे मात्र तीन गट करा, आणि ते डॉक्टरांकडून कागदावर करून घ्या.

पहिला, ज्यांसाठी उठवावंच लागतं. पार्किन्सनची लेव्होडोपा आणि फिट्सच्या गोळ्या ठरलेल्या अंतरानेच जायला हव्यात. लेव्होडोपा तासभर चुकली तरी शरीर आखडून गिळणंही अवघड होतं. दुसरा, ज्या उठण्याशी किंवा जेवणाशी बांधलेल्या आहेत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. म्हणजे उशिरा उठणाऱ्याने उठल्यावर घ्यावी आणि नाश्ता तेवढा पुढे ढकलावा. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घड्याळाशी नव्हे, जेवणाशी जोडायच्या असतील तर तसं लिहून घ्या. माणूस झोपलेला असताना नेहमीच्या वेळेला इन्सुलिन देऊन नाश्ता दोन तासांनी दिला तर साखर घसरते. तिसरा गट, ज्या गोळ्या दिवसात कधीही चालतात. त्यासाठी कुणाला उठवू नका.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हा रात्रीच्या जागरणाचा मोठा उगम आहे. संध्याकाळी सहाला दिलेली फ्युरोसेमाइड रात्री दहापर्यंत चार वेळा उठवते. सकाळचा डोस सकाळी आणि दुसरा असला तर दुपारी चारच्या आत देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पायांवर सूज असणाऱ्यांना दुपारी तासभर पाय उशांवर उंच ठेवून झोपवा. पायांत साठलेलं पाणी दिवसाच लघवीवाटे जातं, रात्री आडवं झाल्यावर जात नाही. पाणी तोडू नका. दिवसभराचं पाणी संध्याकाळी सहापर्यंत बऱ्यापैकी पोटात जाईल असं पाहा आणि रात्री तहानेपुरतं द्या. पाणी तोडल्याने बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग आणि त्यातून भ्रम, असं सगळं ओढवतं.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांबद्दल ठाम राहा. रात्रपाळी शांत जावी म्हणून त्या द्यायच्या नसतात. वृद्धांमध्ये त्यांनी तोल जातो, माकडहाड आणि खुबा मोडतो, सकाळी गुंगी राहते, स्मृती आणखी ढळते. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या आणि खाज कमी करणाऱ्या जुन्या गोळ्यांनीही भ्रम होतो आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी एकदम बंद करू नका; फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यांच्या हिशेबाने उतरवायची असते.

रात्रीच्या फेऱ्या

ट्यूबलाइट लावून फेरी मारली तर खोलीतले चौघेही जागे होतात. छोटी टॉर्च घ्या, तिच्यावर पिवळा कागद लावा, झोत जमिनीवर ठेवा. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर गुडघ्याइतक्या उंचीवर मंद पिवळा दिवा कायम चालू असावा; डोक्यावरचा झिरोचा बल्ब डोळ्यांत येतो आणि पायाखाली अंधारच राहतो. दारांच्या बिजागऱ्यांना तेल, स्टीलच्या बादल्यांच्या जागी प्लास्टिकच्या, खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच. कर्मचाऱ्यांचे मोबाइल फक्त थरथरणारे. दहा रुपयांच्या बुचाने जेवढी झोप वाचते तेवढी समुपदेशनाने वाचत नाही.

डायपर ठरलेल्या घड्याळाने बदलायची सवय सोडा. रात्रीसाठी जास्त शोषणारा डायपर घ्या, झोपण्याआधी स्वच्छ करून झिंक ऑक्साइडचं मलम लावा. ओलं झालं की रंग बदलणारी रेघ बऱ्याच डायपरवर असते. ती टॉर्चने पाहता येते. थोडं ओलं असेल आणि कातडी चांगली असेल तर पुढची आपसूक जाग येईपर्यंत थांबायला हरकत नाही. शी झाली असेल तर मात्र झोप मोडली तरी लगेच बदला, कारण त्याने कातडी लवकर सोलवटते.

कूस बदलण्याचंही असंच. अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलायची हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. एअरबेड किंवा चांगली दाब वाटून घेणारी गादी असेल आणि कातडी शाबूत असेल, तर रात्री हे अंतर वाढवता येईल का, हे नर्स किंवा डॉक्टरांनी त्या माणसाची पाठ पाहून ठरवावं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून माकडहाड, खुबे आणि टाचा हाताने चाचपा: जागा गरम लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, दुखते का. पूर्ण उलटवण्याऐवजी पाठीमागे उशी सारून ३० अंशांचा कल दिला तरी दाब हलतो आणि बहुतेकांची झोप टिकते. डायपर, कूस, पाणी हे सगळं एकाच जागरणात उरका. तीन वेगवेगळ्या वेळी हात लावू नका.

मच्छरदाणी किंवा खिडक्यांना जाळी हवीच. पंख्यावरून भांडण होत असेल तर छताच्या पंख्याऐवजी प्रत्येक खाटेशी भिंतीवरचा छोटा पंखा द्या.

पहाटे तीनला जागा झालेला माणूस

"झोपा परत, तीन वाजलेत" हे त्याला ठाऊक असतं. त्याला जाऊन बसायला जागा हवी. व्हरांड्याच्या टोकाला हातांची खुर्ची, पिवळा दिवा, शाल, पाण्याचा तांब्या, कालचं वर्तमानपत्र, इअरफोन लावलेला रेडिओ. कुणी जप करेल, कुणी नुसतं बसेल. रात्रपाळीच्या माणसाने त्यांना दिसेल अशा जागी बसावं. स्मृतिभ्रंश असलेला माणूस "घरी जायचं" म्हणत फिरायला लागला तर दार अडवून वाद घालू नका. बरोबर दोन फेऱ्या चाला, लघवीला लागली आहे का, भूक आहे का, कुठे दुखतं आहे का हे पाहा, गरम दूध द्या. बहुतेक वेळा यातल्याच एका गोष्टीने तो शांत होतो.

खोलीला बाहेरून कडी लावणं, हात खाटेला बांधणं, चढता येऊ नये म्हणून खाटेच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर करून ठेवणं, यांतलं काहीही करू नका. कठड्यावरून चढताना माणूस जास्त उंचीवरून पडतो. पडण्याची भीती असेल तर खाट खाली करा आणि शेजारी गादी अंथरा. आपल्या माणसाला बांधून किंवा गुंगीत ठेवलं जातं असा संशय आलेल्या नातेवाइकांनी आधी व्यवस्थापनाशी बोलावं. दाद मिळाली नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

एका खोलीत दोन घड्याळं

खोल्या वाटताना आपण गाव, जात-पात, आजार, पैसे असं सगळं पाहतो आणि झोपेची वेळ विसरतो. साडेआठला झोपणारी आणि अकरापर्यंत वाचणारी अशा दोघी एका खोलीत घातल्या तर भांडण ठरलेलं. जागा रिकामी होईल तेव्हा आधी आतल्यांना विचारा, कुणाला कुणाबरोबर राहायचं आहे, आणि मगच नवा माणूस घ्या. अदलाबदल शक्य नसेल तर वाचणाऱ्याला उशीला लावायचा छोटा दिवा, झोपणाऱ्याला डोळ्यांवर मऊ सुती पट्टी, आणि दोन खाटांमध्ये पडदा. मोठ्याने घोरणारा माणूस श्वास मध्येच थांबवत असेल आणि दिवसा बसल्या बसल्या झोपत असेल तर त्याला डॉक्टरांना दाखवा. खोली बदलून तो प्रश्न मिटत नाही.

टीव्ही सामायिक दालनात, साडेदहापर्यंत. सकाळच्या प्रार्थनेला येणं ऐच्छिक ठेवा आणि ती लाउडस्पीकरवर लावू नका. बाहेरच्या लाउडस्पीकरचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा त्याला बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. गणपती आणि नवरात्राच्या आधीच शेजारच्या मंडळाला भेटा आणि कर्ण्याची दिशा बदलून घ्या. उत्सव सुरू झाल्यावर पोलीस ठाण्यात धावण्यापेक्षा हे बरं.

दुपारची झोप हा हक्कच समजा, पण तीनच्या आत आणि शक्यतो तासाच्या आत. गोव्यातून आलेल्या आणि जेवणानंतर पडायची सवय मुरलेल्यांना भजन-खेळ दुपारी दोनला ठेवून उठवू नका. संध्याकाळी चार ते सहा गच्चीत किंवा अंगणात बसवलं की लवकर पेंगणाऱ्यांची झोप थोडी पुढे सरकते. ज्यांना उशिरा झोप येते त्यांना उलट सकाळचं ऊन द्या.

कधी वेळ पाळायची नाही

सवय अचानक बदलली तर ती सवय नव्हे, लक्षण आहे. एक-दोन दिवसांत दिवस-रात्र उलटी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा नेहमीचा सातला उठणारा दहालाही जागा होईना, तर "झोपू दे" म्हणू नका. ताप, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, नवी गोळी, तुंबलेली लघवी, पडून डोक्याला मार, यांतलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेही माणूस रात्री घामाने भिजला, थरथरला किंवा बडबडू लागला तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

आठवड्यांमागून आठवडे पहाटे जाग, जेवणात मन नाही, "आता कशाला उठायचं" असं बोलणं, हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार असतात. सकाळी अंथरुणातून उठायची इच्छाच नसणं आणि उशिरा उठायला आवडणं या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी एक फरक कळतो: ज्याला उशिरा उठायला आवडतं तो उठल्यावर चहा मागतो.

सुरुवात

सगळ्या आश्रमात एका दिवसात सुरू करू नका. सहा माणसं निवडा: दोन पहाटेची, दोन उशिराची, दोन अंथरुणाला खिळलेली. त्यांची कार्डं बनवा आणि तीन आठवडे चालवा. पहिले चार-पाच दिवस गोंधळ होतो, नाश्ता उरतो, दिवसपाळी कुरकुरते. त्यावरून निकाल देऊ नका. या काळात पडण्याच्या घटना, रात्री वाजलेल्या घंट्या, आंघोळीच्या वेळी झालेली ओरड आणि दिवसा खुर्चीत पेंगणं एवढं मोजा, आणि आधीच्या तीन आठवड्यांशी ताडून पाहा. मग पुढच्या खोल्या घ्या. कार्ड दर तीन महिन्यांनी, हॉस्पिटलातून परत आल्यावर, औषध बदलल्यावर आणि थंडी सुरू झाल्यावर पुन्हा विचारून नव्याने लिहा.